खरं तर तिसऱ्यांदा

रविवार, १७ ऑक्टोबर २००४

प्रिय मल्लेश,

तुला शेवटचं पत्र कधी लिहिलं होतं ते आठवत नाही. घरी फोन आला आणि आपली पत्रं बंदच झाली. तू फोन करतोस, मी 'बरं हाय न्हवं' विचारते, तू 'व्हय अक्का, बरं हाय' म्हणतोस, मागून अव्वा काहीतरी ओरडून सांगत असते आणि बोलणं संपतं. आज जे सांगायचं आहे ते फोनवर सांगता आलं नसतं. तुझा आवाज जरा कापला असता तरी मी पुढचं बोलले नसते, हे मला माहीत आहे आणि तुलाही. म्हणून रविवार गाठून बसले आहे. तुझे दाजी रानात गेलेत, भाकरी थापून झाल्यात, दुपारपर्यंत मला कोणी हाक मारणार नाही. तू हे पत्र दुकानात वाचू नकोस. वर माडीवर जा, एकट्यानं वाच, आणि मध्येच ठेवून देऊ नकोस.

इकडं सगळं ठीक आहे. शाळेला दसऱ्याची सुट्टी लागली आहे. दाजींचा गुडघा अजून धरतो, पण ते ऐकतात कुठं. तंबाखू यंदा बरी आली आहे. लग्न होऊन मी या गावात आले तेव्हा तू अठरा वर्षांचा होतास आणि कर्नाटकात दिली म्हणून माझ्यापेक्षा तूच जास्त रडला होतास. अप्पा तुला समजावत होते, की अरे, दीड तासाची तर वाट आहे, तिथंबी आपलीच माणसं हाईत. पुढं दुकानाची मॅटॅडोर आली आणि ही दीड तासाची वाट तू कितीदा केलीस त्याला गणतीच नाही. मला माहेरी न्यायला तू, परत सोडायला तू. माझ्या सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या वेळी त्यांना उचलून गाडीत ठेवणारा तूच. हे मी विसरलेले नाही. पुढचं वाचताना तेवढं ध्यानात ठेव.

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या आपल्या गल्लीत मॅटॅडोर उलटी घेणं म्हणजे काय असतं ते मी दुसऱ्या कुणात पाहिलं नाही. दोन्ही बाजूंना दुकानांच्या पायऱ्या, मध्ये हातगाड्या, आणि तू मान मागं वळवून, एक हात चाकावर ठेवून ती गाडी गुरांच्या पेंडीच्या पोत्यांसकट सरळ दुकानाच्या दाराला लावायचास. समोरचे हार्डवेअरवाले काम सोडून बघत उभे राहायचे. दहावीला दोनदा नापास झालास तेव्हा अप्पा तुझ्याशी महिनाभर बोलले नव्हते. त्याच अप्पांनी गिऱ्हाइकासमोर सांगितलं, की आमच्या पोराचा हात गाडीवर बसलाय. त्या दिवशी जेवतानाचा तुझा चेहरा मला अजून दिसतो. लायसन म्हणजे तुझ्यासाठी नुसता परवाना नव्हता हे मला कळतं, मल्लेश. घरात सगळ्यांकडं कसली ना कसली प्रमाणपत्रं होती. तुझ्याकडं तेवढं एकच होतं.

पिणं नेमकं कधी सुरू झालं ते मला सांगता येत नाही. पेंड घेऊन तू गावोगाव जायचास, दूधवाल्यांशी, डेअरीच्या सेक्रेटऱ्यांशी ओळखी झाल्या, परत येताना कुठंतरी बसणं होऊ लागलं. तू कधी झोकांड्या खाल्ल्या नाहीस, कधी कुणाला शिवी दिली नाहीस. प्यालास की उलट जास्तच शांत व्हायचास. त्यामुळं सगळे म्हणायला लागले, मल्लेश प्याला तरी त्याचा हात हलत नाही. मीही म्हणायचे. गिरिजा लग्न होऊन आली आणि सहा महिन्यांत मला म्हणाली, 'वन्सं, ह्येंच्या गाडीत बसायला मला भ्या वाटतंय.' मी तिला हसले होते. ते हसणं मला आता नको वाटतं.

पण त्याच्याही आधीची ती कोडोलीची म्हैस. तुझ्या रक्षिताच्या जन्माच्या दोन वर्षं आधी, चौऱ्याण्णव साली, अप्पांच्या मावसभावाच्या नातवाचं बारसं होतं. जेवणं उरकून तीन वाजता आपण निघालो. तू गाडी चालवत होतास, मध्ये अप्पा, दाराकडं मी. पुलाजवळच्या वळणावर गाडी रस्ता सोडून ओढ्यात गेली. तुला कपाळावर चार टाके पडले, माझा खांदा निखळला आणि अप्पांचं कमरेचं हाड मोडलं. ते पुन्हा काठीशिवाय कधी चालले नाहीत. ही म्हशीची गोष्ट तू नंतर किती जणांना सांगितलीस. ती उजव्या बाजूनं कशी आली, तू चाक कसं फिरवलंस, म्हशीला वाचवताना अप्पा कसे गेले असते. कालांतरानं त्या म्हशीच्या कपाळावर पांढरा ठिपकाही आला. मी दर वेळी ऐकत बसायचे आणि अप्पा उठून बाहेर जायचे.

मल्लेश, म्हैस नव्हती. रस्त्यावर काहीच नव्हतं. तू बारशाच्या जेवणाआधी त्यांच्या गोठ्यामागं जाऊन बसला होतास आणि वळणावर तुझे डोळे मिटले. अप्पांनी तुझ्या दंडाला धरून हलवलं, तोवर गाडी खाली गेली होती. म्हैस मी आणली. दवाखान्यात हवालदार जबाब घ्यायला आला तेव्हा तू आत टाके घालून घेत होतास. अप्पांना बोलवत नव्हतं, म्हणून त्यानं मला विचारलं. तुझं लग्न ठरलं होतं. मी म्हणाले, म्हैस आडवी आली. त्यानं खाटेवरच्या अप्पांकडं बघून विचारलं, 'काय पावणं, असंच झालं न्हवं?' ज्या माणसानं कधी मापात मूठभर पेंड कमी घातली नाही, तो माणूस डोळे मिटून म्हणाला, 'पोरगी सांगत्या तसंच झालं.' हवालदारानं लिहून घेतलं, मी सही केली. पुढं तुला मी काय जबाब दिला ते सांगितलं आणि तू मान हलवलीस. नंतर कधी विचारलं नाहीस. तुला खरंच आठवत नव्हतं, की आठवून घ्यायचं नव्हतं, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

त्यानंतर सात वर्षं काही झालं नाही. निदान आमच्या कानांवर आलं नाही. मग २००१ची रंगपंचमी. दुपारी दोनला ट्रॅफिक पोलिसांनी तुला अडवलं, नळीत फुंकायला लावलं, सरकारी दवाखान्यात नेऊन रक्त काढलं. कायद्यात शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमच्या वर असलं की गुन्हा. तुझ्यात त्याच्या चौपट निघालं. तू कोर्टात गुन्हा कबूल केलास. दीड हजार दंड आणि सहा महिने लायसन बंद. न्यायाधीशांनी तुला समोर उभं करून सांगितलं होतं, की पुन्हा असं झालं तर तुरुंग आणि लायसन रद्द. तू घरी येऊन त्यांची नक्कल करून दाखवलीस, अव्वा तोंडाला पदर लावून हसली. अप्पांनी तेवढं विचारलं, 'सहा म्हैनं गाडी कोण चालवणार?' तू म्हणालास, 'मीच की. कोण बगतंय?' आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तू पेंड भरून राधानगरीला गेलास. त्या खोलीत आपण पाच जण होतो. कुणी तुला अडवलं नाही. मी तर म्हणाले होते, की मला जाता जाता स्टँडवर सोड.

अप्पा गेले त्याच्या आठ दिवस आधी मी त्यांच्या उशाशी बसले होते. पाय दाबत होते. त्यांनी माझा हात बाजूला केला आणि म्हणाले, 'महानंदा, त्या दिवशी खरं बोलायला पायजे हुतं. तुरुंगात गेला असता, लगीन मोडलं असतं, पर शाणा झाला असता.' मी त्यांना म्हणाले, अप्पा, आता कशाला ते. त्यांनी तोंड भिंतीकडं केलं. मी हे तुला सांगितलं नाही, कारण त्यांच्या दिवसांत तू ज्या तऱ्हेनं रडत होतास ते बघून माझा धीर झाला नाही. तू सगळ्यांदेखत विभूतीवर हात ठेवून शपथ घेतलीस, आता शिवणार नाही. आम्ही सगळ्यांनी ते धरून ठेवलं. दहा महिनेसुद्धा झाले नव्हते.

गेल्या नोव्हेंबरात राधानगरीच्या रस्त्यावर पिराजीला तू उडवलंस. दुपारचे चार वाजले होते, लख्ख ऊन होतं. सायकलला दुधाचे दोन कॅन लावून तो डेअरीला निघाला होता आणि रस्त्याच्या कडेनं चालला होता. टाटाची नवी गाडी घेऊन जेमतेम वर्ष झालं होतं. एक गोष्ट मी तुझ्या बाजूनं नेहमी सांगते आणि पुढंही सांगेन, की तू पळून गेला नाहीस. लोक जमेपर्यंत तू त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होतास, आणि पोलीस आले तेव्हा तू स्वतःच म्हणालास, मी प्यालोय. पण त्याचा उजवा हात खांद्यापासून गेला तो गेलाच.

कोर्टात मी तुझ्या मागच्या बाकावर होते. तुझा वकील आधी व्हरांड्यात बोटांवर महिने मोजत होता. म्हणाला, 'चार म्हैनं पुढं घडलं असतं तर तीन वर्सं हुऊन गेली असती, मग शिक्षेला पयलाच धरला असता.' हे तो असा हळहळून बोलला की जणू पिराजीनं चार महिने थांबायला हवं होतं. आत त्यानं मागच्या खटल्याची गोष्ट काढलीच नाही. सरकारी वकिलांनी काढली. २००१चा निकालाचा कागद त्यांच्या फायलीत होता. मॅजिस्ट्रेट बाईंनी तो वाचला, चष्मा काढला, आणि तुला विचारलं, हा तूच का. तू हो म्हणालास. मग त्यांनी सावकाश सांगितलं, की तीन वर्षांच्या आत दुसऱ्यांदा तोच गुन्हा, त्यामुळं दंडावर भागणार नाही. पिराजीच्या दुखापतीची शिक्षा धरून तीन महिने कैद, लायसन रद्द, आणि पाच वर्षं नवं काढायचं नाही. अव्वा पायरीवर बसून रडत होती, 'दुसऱ्यांदाच तर झालंय, दुसऱ्यांदाच तर झालंय.' मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि माझ्या मनात सारखं येत होतं, खरं तर तिसऱ्यांदा. हे त्या बाईंना माहीत नाही, वकिलाला माहीत नाही. पहिला कागद फायलीत नाही, कारण तो मी होऊ दिला नाही. चौऱ्याण्णव साली तो झाला असता तर पुढचं काही घडलं असतं की नाही, कोण सांगणार. पण पिराजीचा हात बघितल्यापासून मला ते विचारल्याशिवाय राहवत नाही.

तू जुलैत सुटलास. तिथून आल्यापासून तू थेंबही घेतलेला नाहीस, हे गिरिजानंही सांगितलं आणि मला पटतं. पण गाडी आता दुकानातला ज्ञानू चालवतो. एकदा तो आपल्याला घेऊन मार्केट यार्डात गेला तेव्हा तू डाव्या बाजूला बसला होतास आणि समोर काही आलं की तुझा उजवा पाय खाली दाबला जात होता, रिकाम्या पत्र्यावर. मला ते बघवलं नाही. म्हणूनच तू गणपतीनंतर इकडचं नवं लायसन काढून देणाऱ्या त्या एजंटाला घेऊन आमच्याकडं आलास तेव्हा मी नाही म्हणू शकले नाही. तो माणूस कागद पसरून किती सहज बोलत होता. इकडच्या राज्यात महाराष्ट्रातली नोंद कुठं दिसत्या. ताईंच्या रेशनकार्डावर नाव चढवायचं. मल्लेशच्या जागी मल्लाप्पा लिहायचं. आणि ताईंनी शाळेच्या बाई म्हणून एक पत्र द्यायचं, की हा माझा भाऊ गेली तीन वर्षं आमच्याच घरी राहतो. 'बाईंची सही असली की कोण इचारत न्हाई,' असं म्हणाला. दाजी उठून गोठ्यात गेले. तू माझ्याकडं बघत होतास. मी म्हणाले, दसऱ्यानंतरच्या सोमवारी या, पत्र लिहून ठेवते. आणि मी ते लिहिलंही. शाळेच्या शिक्क्यासकट.

पत्र लिहून आठ दिवस ते कपाटात होतं. मधल्या शनिवारी रक्षिता आमच्याकडं आली, आठवतं ना, तूच एसटीत बसवून दिलीस. दुसऱ्या दिवशी दाजी तिला स्कूटरवरून निपाणीला फिरवून आणणार होते. ती नवा फ्रॉक घालून आली, स्कूटरजवळ थांबली, आणि दाजींना म्हणाली, 'मामा, खाली वाका.' त्यांना वाटलं गळ्यात पडायचं असेल. ते वाकले. तिनं त्यांच्या तोंडाजवळ नाक नेलं, वास घेतला, मग 'चला' म्हणाली आणि मागं बसली. तिला त्यात काही वेगळं वाटलं नाही. मी नंतर तिला विचारलं, तर म्हणाली, 'आईनं शिकवलंय. गाडीत बसायच्या आधी बघायचं. पप्पांचं पण बघतो आम्ही.' आठ वर्षांची आहे ती. दाजींनी आयुष्यात सुपारी खाल्ली नाही. परत आल्यावर ते बराच वेळ ओसरीवर बसून होते. मला म्हणाले, 'तुझा भाऊ हाय, तू ठरव. पर माझं नाव रेशनकार्डावर पयलं हाय, एवढं ध्यानात ठेव.'

गेल्या बुधवारी मी तुम्हाला कुणाला न सांगता कोल्हापूरला आले आणि स्टँडवरूनच राधानगरीची गाडी धरून पिराजीच्या गावी गेले. कशाला गेले ते तेव्हा नीट माहीत नव्हतं. बहुतेक तो शिव्या देईल आणि मग मला राग येईल, आणि सही करणं सोपं जाईल, असं काहीतरी मनात असावं. चिमणाबाई, त्याची बायको, म्हशीखाली बसली होती. पहिले चार महिने म्हशीनं तिला धार काढू दिली नाही म्हणे, सारखी लाथ झाडायची. तिला पिराजीच्या हाताची सवय होती. आता तो म्हशीच्या तोंडाशी उभा राहतो, डाव्या हातानं मानेखाली खाजवतो, बोलतो तिच्याशी, तेव्हा ती पान्हा सोडते. मी कोण ते सांगितल्यावर चिमणाबाईनं चरवी उचलली आणि आत गेली. पिराजीनं मात्र घोंगडं अंथरलं, 'बसा पावणं' म्हणाला. चहा झाला. तुझी चौकशी केली. तू दवाखान्यात रोज येऊन बसायचास, हे त्यानंच मला सांगितलं; तू कधी बोलला नव्हतास. मग म्हणाला, 'माझ्या थोरल्या पोरीची शाळा ह्याच रस्त्यानं हाय. आदी लय भ्या वाटायचं. कोर्टात त्या बाई म्हणल्या लायसन रद्द, तवापासनं जरा बरं वाटतंय. ते आता पक्कंच हाय न्हवं?'

मी शाळेत चौदा वर्षं पोरांना शिकवते, मल्लेश, मला बोलायची सवय आहे. पण त्या घोंगड्यावर बसून मी नुसतं पिशवीचं तोंड आवळत राहिले. माझ्या पिशवीत ते शिक्क्याचं पत्र होतं. घरात कुणाच्या हाती नको म्हणून बरोबर घेतलं होतं. चिमणाबाई दारातून बघत होती. शेवटी मी म्हणाले, 'व्हय. पक्कं हाय.' तेवढं म्हणाले आणि मग ते खरं करणं माझ्याकडं आलं.

तिथून मी कोल्हापुरात आपल्या घरी आले. तू बाजारात गेला होतास, अव्वा एकटीच होती. तिला मी कोडोलीचं सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती कोसळेल. ती वाती वळत होती, तिनं हात थांबवले नाहीत. म्हणाली, 'मला ठावं हाय. तुझ्या अप्पानं सांगिटलं हुतं जायच्या आदी.' मी म्हणाले, तरीपण फोनवर तू मला लायसनच्या त्या पत्रावर सही करायला सांगितलंस? तर म्हणाली, 'मग काय करू? पोटचा हाय. गाडीबिगर त्यो मरंल.' मी तिला म्हणाले, अव्वा, गाडीबिगर कुणी मरत न्हाय. तिनं पुढची वात वळायला घेतली. मी निघाले तेव्हा ती दारापर्यंत आली नाही. अशी ती पहिल्यांदाच वागली. तिचं बरोबर की माझं, यावर मी एसटीत पुष्कळ विचार केला आणि निपाणी यायच्या आत तो सोडून दिला. तिला आई म्हणून जे करायचं ते ती करेल. मला माझं करायला हवं होतं.

आता हे पत्र कशासाठी ते सांगते. दसऱ्यानंतरच्या सोमवारी त्या एजंटाला घेऊन येऊ नकोस. शाळेच्या शिक्क्याचं पत्र मी चुलीत घातलं, आणि रेशनकार्डावर तुझं नाव चढणार नाही. पण माझी सही नाही मिळाली तर तू दुसऱ्या कुणाची मिळवशील, गडहिंग्लजच्या मामांना विचारशील, हे मला माहीत आहे. म्हणून काल मी रजिस्टर पोस्टानं दोन अर्ज पाठवले, एक कोल्हापूरच्या परिवहन कार्यालयाला आणि एक इकडच्या. त्यात तुझ्या दोन्ही खटल्यांचे नंबर आहेत, मल्लेश आणि मल्लाप्पा ही दोन्ही नावं आहेत, तुझी जन्मतारीख आहे, आणि कोर्टानं पाच वर्षं बंदी घातलेल्या या माणसाला कुठूनही लायसन देऊ नये असं लिहिलं आहे. चौऱ्याण्णव सालच्या अपघाताचंही लिहिलं आहे, आणि जबाब खोटा होता, तो मी दिला होता, हेही. खाली माझं नाव, हुद्दा आणि शाळेचा पत्ता आहे. त्यावरून माझ्या नोकरीचं काय व्हायचं ते होईल. दाजींनी अर्ज वाचून स्वतः पाकिटावर तिकिटं लावली. हे तुला सरकारी कागदावरून कळू नये, माझ्या हस्ताक्षरात कळावं, एवढ्यासाठी हे लिहिलं. तुला राग येईल. ये रागावून, मी ऐकून घेईन, पण मागं घेणार नाही. पाच वर्षांनी बंदी संपेल आणि तू तोवर असाच कोरडा राहिलास, तर परीक्षेला मी तुझ्याबरोबर येईन आणि बाहेर बाकावर बसून राहीन. तोवर दुकान तू सांभाळ, गाडी ज्ञानू चालवू दे. भाऊबीजेला रक्षिताला घेऊन ये. गाडीनं नको, एसटीनं ये. मी स्टँडवर उभी असेन.

तुझीच,
अक्का